पडदे रंगवणाऱ्यांच्या गावात

गावोगावहून आलेल्या छायाचित्रकार बंधू-भगिनींनो,

अंबाबाईच्या आणि शाहू महाराजांच्या या करवीरनगरीत आपलं मनापासून स्वागत. मी गुळाचा अडत्या. पण या गावाच्या मातीत कॅमेरा आहे, म्हणून चार शब्द अधिक बोलतो.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले बंधू संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ऑर्डर येईल तसा राजवाडा, येईल तसं अरण्य. त्या कमाईवर पोट चाले. मन मात्र हलत्या चित्रात अडकलेलं. स्वतःचा सिने-कॅमेरा बनवायचा ध्यास दोघांनी घेतला. आनंदराव 1916 साली गेले, कॅमेरा अपुराच राहिला. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. बाबूराव पेंटर सगळ्यांना ठाऊक आहेत. आनंदरावांचं नाव आमच्या पोरांनाही सांगता येत नाही, ही माझी जुनी खंत आहे. आज या व्यासपीठावरून मी त्यांना पहिला नमस्कार करतो. आणि पुढे बाबूरावही सिनेमाच्या धबडग्यातून पुन्हा रंगांकडे, शिल्पाकडे वळले, हे विसरू नका.

पोटापाण्याच्या कामातून असं स्वतःच्या कलेकडे वळणं, हाच आपल्या संमेलनाचा विषय आहे. अमेरिकेतले आयर्व्हिंग पेन तीस वर्षं ‘व्होग’साठी फॅशनचे फोटो काढत होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी रस्त्यावरची सिगारेटची थोटकं गोळा करून त्यांचे फोटो काढले, प्लॅटिनमवर छापले. 1975 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती थोटकं भिंतीवर लागली. तुमच्यातल्या कितीजणांनी आयुष्यभर लग्नं आणि पासपोर्ट फोटो केले! आता मुहूर्ताची घाई नसलेला एखादा फोटो तुम्ही काढावा, असं मला फार वाटतं.

उतरण्याची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, ज्येष्ठांना जिने चढावे लागले; क्षमा असावी. प्रदर्शनाच्या दालनात दिव्यांचा उजेड पिवळा पडतोय, तुमचे प्रिंट त्यात खुलत नाहीत. दिवे बदलायला माणूस गेला आहे.

गुजरीतले सराफ, लक्ष्मीपुरीतले धान्यव्यापारी, मार्केट यार्डातले माझे अडते बांधव, मंडपवाले, आचारी आणि रात्रभर फ्रेमा टांगणारी आमची पोरं, सर्वांचा मी ऋणी आहे. उद्या सकाळी सातला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाकडे चालत जाऊ. येणाऱ्यांनी नावं द्यावीत, वाटेतला चहा माझ्याकडे.