दूरचित्रवाणीचा पहिलावहिला विनोदकार

पु. ल. देशपांडे ह्यांचे नाव निघाले की 'बटाट्याची चाळ' आठवावी, हे स्वाभाविकच होय. परंतु १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तेव्हा तिच्या अगदी पहिल्या निर्मात्यांत हा मराठी विनोदकार होता व पंडित नेहरूंची त्या माध्यमावरील पहिली मुलाखत त्यानेच घेतली, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही विस्मरणात गेलेली दिसते.

मुंबईत १९१९ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी आधी अध्यापन केले. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' ह्या बोलपटात कथा, संगीत, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका अशी चहूकडची कामगिरी त्यांनी एकट्याने उचलली. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले आणि पुढे लंडनला बी. बी. सी. च्या पद्धतीचे शिक्षण घेऊन आले. त्या प्रवासाचे फळ म्हणजे 'अपूर्वाई'. सरकारी शिक्षणाचे इतके रसाळ फळ क्वचितच पाहावयास मिळते!

असे असता त्यांनी ही मानाची जागा का सोडली? त्या वेळचे प्रक्षेपण दिल्लीपुरते, आणि संचही बोटांवर मोजण्याइतके. मुंबईत केंद्र निघावयास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे ज्याच्या वाणीची सारी श्रीमंती मराठीत, तो मनुष्य अशा यंत्रापुढे उभा होता की, ज्यातून मराठी माणसाला तो दिसतच नव्हता. दुसरे असे की, कॅमेरा हसत नाही. भिवंडी तालुक्यातील पडघ्याला चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर धावून येते व तेथून पुढे जाते. तिला माघारी वळावे लागत नाही. विनोदाचे तसे नव्हे. तो प्रेक्षकांपर्यंत जाऊन हशाच्या रूपाने परत यावा लागतो, तेव्हाच पुढचे वाक्य नेमके कोठे टाकावे हे बोलणाऱ्याला कळते.

१९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकपात्री रूपात रंगभूमीवर आली. एकच नट, आणि चाळ मात्र भरलेली! लगोलग १९६२ त 'वाऱ्यावरची वरात' निघाली. नभोवाणीने न दिसणाऱ्या श्रोत्याशी घरगुती सुरात बोलण्याची जी सवय लावली होती, ती येथे भरलेल्या नाट्यगृहात उपयोगी पडली, असे म्हणण्यास हरकत नाही. मिळकतीचा मोठा भाग १९६५ साली स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत समाजकार्याकडे वळला.

पुढे त्यांच्या प्रयोगांचे ध्वनिमुद्रण व चित्रण झाले, आणि १२ जून २००० रोजी त्यांचे निधन झाल्यावरही ते पडद्यावर दिसत राहिले. ही चित्रणे प्रेक्षकांसमक्ष झालेली आहेत. हशा उसळतो, पु. ल. क्षणभर थांबतात, तो ओसरू देतात, आणि मगच पुढचे वाक्य उच्चारतात.