बसायचं कुणी आणि उभं कुणी राहायचं?

(जयंतीच्या तयारीसाठी पिंपरीत जमलेल्या मुलांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



मी मुंबईच्या गोदीत काम करतो. तुमच्या चाकणला तयार झालेल्या मोटारी आमच्याकडच्या धक्क्यावरून जहाजात चढतात आणि परदेशी जातात. म्हणजे तुमची-आमची ओळख जुनी आहे. तुम्ही ती गाडी उभ्यानं जोडता, आम्ही ती उभ्यानं चढवतो, आणि तिच्यात बसणारा तिसराच कुणीतरी असतो. कविता करतो म्हणून तुम्ही मला बोलावलं. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. तेव्हा संगीतशास्त्र वगैरे माझ्याकडून निघणार नाही.

तुमच्या मंडळात भांडण काय लागलंय ते मला कळलंय. गाण्याच्या रात्री लोकांना बसवायचं कसं? एक गट म्हणतो, पुढं दोन रांगा सोफे, त्यामागं खुर्च्या, त्यामागं आडवा बांबू, आणि बांबूमागं पब्लिक. सोफ्याचे पैसे एक पुढारी द्यायला तयार आहे, कमानीवर त्याचा फोटो लावला की झालं. दुसरा गट म्हणतो, बसायचं कशाला, मैदान मोकळं ठेवा, उभ्यानं ऐकू, नाचू. वस्तीतली म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वीसारख्या सतरंज्या टाका. बायकांना कुणी विचारलं नाही. त्या बाहेर आपल्यासाठी चहा करतायत.

वरवर हा मांडववाल्याचा प्रश्न वाटतो. आमच्या गोदीतला एकजण तर हसला. म्हणला, गाणं ऐकायला बसावं का उभं राहावं ह्याच्यावर भाषण? मी म्हणलं, बाबा, ह्या देशात कोण कुणापुढं बसतो ह्यावरच माणसाची किंमत ठरत आली. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसवत, आणि बसायला गोणपाट घरून न्यावं लागे. संध्याकाळी तेच गोणपाट परत घरी, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्याला शिवायचा नाही. चावडीपुढं आपला आजा उभा, पायरीच्या खाली. आणि काही घरांची तऱ्हा तर अशी की दारात उभं करत नव्हते. म्हणजे उभं राहणंसुद्धा फुकट मिळत नव्हतं.

गाण्यातही हाच हिशोब आहे. तुमच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. चोखोबाचे अभंग तिथं गातात, पंढरपुरातही गातात. पण चोखोबा उभा होता महाद्वाराबाहेर, आणि त्याची समाधी अजून दाराबाहेरच आहे. गाणं आत गेलं, गाणारा बाहेर राहिला.

कुणी म्हणेल, कीर्तनकारही उभाच असतो की. असतो. पण तो नारदाच्या गादीवर उभा असतो आणि कीर्तन संपलं की लोक त्याच्या पाया पडतात. लग्नात, जत्रेत, मयतीला हलगी वाजवणारा तासन्‌तास उभा असतो, त्याच्या पाया कोण पडतं? मैफलीतला गवई बसून गातो, त्याच्यामागं तंबोरे, पुढं रसिक. शाहीर उभ्यानं गातो. गोंधळी उभ्यानं, तमाशातली बाई उभ्यानं. ज्यांचं गाणं ही मजुरी होती ती माणसं पायांवर राहिली.

लावणीत तर ह्याची दोन नावंच आहेत. फडावरची नाचून करायची ती खडी लावणी. दुसरी बैठकीची. बैठकीच्या लावणीत बाई बसते हे खरं, पण बसते कुणापुढं? लोडाला टेकलेल्या धन्यापुढं. डोळ्यांनी, हातांनी भाव करायचा, आणि त्यानं पुन्हा म्हणलं की पुन्हा करायचा. तेव्हा नुसतं बसायला मिळालं म्हणजे मान मिळाला असं नाही.

चाकणवरून नाशिक रस्त्यानं सरळ गेलात की राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. (ह्याच खेड तालुक्यातलं पूर-कनेरसर हे नामदेव ढसाळांचं गाव, हे जाता जाता.) नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथली. पोटुशी असताना नाचली, पडद्यामागं बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. 1957 साली आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला. गोष्ट सांगताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण त्या बाईला त्या रात्री बसू कुणी दिलं नाही, हा त्या गोष्टीचा अर्थ आहे, तो कुणी सांगत नाही.

आता ऐकणाऱ्यांचं बघू. पुण्याला 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला. गाणं थोर, ह्यात वाद नाही. पण तिथंही पुढं सोफा, मग खुर्ची, आणि जमिनीवर बसायचं ते तिकीट सगळ्यात स्वस्त. त्याचं नाव ‘भारतीय बैठक’. भारतीय म्हणजे स्वस्त, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आणि दुसऱ्या टोकाला बघा. जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले नावाचा विलायती बँड तीन रात्री वाजला. सगळ्यात स्वस्त खुर्ची अडीच हजार रुपये, आणि मैदानात उभं राहायचं तिकीट 6,450. उभं राहायला खुर्चीच्या अडीचपट पैसे! आमच्या टोळीत हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. चाकणच्या लाईनवर कंत्राटी पोरगा आठ तास उभा राहतो, ओव्हरटाईम लागला तर बारा, आणि त्याचा महिना संपेस्तोवर हातात काय उरतं ते तुम्हीच सांगा. ज्याचा दिवस खुर्चीत जातो त्याला रात्री उभं राहण्यात मौज आहे. त्याच्या मौजेवर माझा राग नाही. बँडच्या समोर, माणसात माणूस होऊन, घामाला घाम लावून ऐकण्यात काहीतरी आहे, ते मला मिरवणुकीत कळतं. पण ज्याच्या पोटऱ्या दिवसभर ठणकल्यात त्याला तुम्ही रात्रीही उभं करणार, आणि त्याला क्रांतीचा जोश म्हणणार?

1948 च्या फॅक्टरी ॲक्टात 44 वं कलम होतं. ज्या कामगाराला उभ्यानं काम करावं लागतं त्याला संधी मिळेल तेव्हा टेकायला जागा पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. तुमच्यातल्या किती जणांनी लाईनवर असा स्टूल बघितला? केरळात 2018 साली दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यानं द्यावा लागला, साड्यांच्या दुकानातल्या बायकांनी त्यासाठी चळवळ केली. बसणं ही चैन नाही. ती भांडून मिळवायची गोष्ट आहे.

तर मग सोफे घ्या, असं मी म्हणतोय का? थांबा.

तुमच्यातल्या एका काकांचा मुद्दा मला सकाळपासून टोचतोय. ते म्हणाले, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मातीत बसलो, आता परत खाली बसायचं? बाबासाहेब कोट घालून खुर्चीत बसले, आम्हीही बसणार. काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. खुर्ची हा आपला स्वाभिमान आहे आणि तो आपण कमावलाय. मी एवढंच विचारतो, की खुर्च्या किती? वस्ती येणार दोन-अडीच हजार. तेवढ्या खुर्च्या मांडता येत असतील तर खुशाल मांडा, मी पहिल्या रांगेत येऊन बसतो. पण दीडशे खुर्च्या, वीस सोफे आणि मागं बांबू असं असेल तर आपण आपल्याच मैदानात चावडी बांधली. खाली बसण्यात कमीपणा तेव्हा असतो जेव्हा दुसरा वर बसलेला असतो. सगळे मांडीला मांडी लावून बसले की जमीन ही जमीनच.

आणि गाण्याच्या बाजूनं बघा. सत्यशोधक जलसा, मग 1930 नंतर भीमराव कर्डकांचा जलसा, पुढं वामनदादा, विठ्ठल उमप, ही सगळी परंपरा समोरच्या माणसाला धरून गाते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी उचलतो, आणि समोरची माणसं ती पुढं नेतात. शाहिराला समोर चेहरे लागतात. त्याच्यापुढं सोफे आले की काय होतं? साडेआठपर्यंत सोफे रिकामे. शाहीर रिकाम्या रेक्झिनकडं बघून गातो, आणि ज्यांच्यासाठी गातो ती माणसं पन्नास फुटांवर बांबूमागं टाचा उंचावून उभी. मग पुढारी येतो. गाणं अर्ध्यात तोडून सत्कार. शाल, श्रीफळ, चार शब्द, मग त्याच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहाला माईक बंद करायला लावतात, ठरावीक दिवशी सूट मिळाली तर बारा. म्हणजे सत्काराची प्रत्येक शाल एक गाणं खाते. आणि पुढारी सोफ्यावर बसून झील धरतो का? त्याचा हात मोबाईलवर, कान पीएच्या तोंडाशी. तिसऱ्या गाण्याला तो उठून जातो, आणि त्याच्यामागं अख्खी रांग उठते.

लंडनला 1895 पासून प्रॉम्स नावाचे गाण्याचे जलसे होतात, भट-शेटजींसाठी बांधल्यासारख्या भव्य सभागृहात. तिथं वाद्यवृंदाच्या अगदी समोरचा मधला चौक उभ्या लोकांचा असतो, आणि ते तिकीट स्वस्तातलं. पैसेवाला बाजूच्या खुर्चीत. गोऱ्यांना हे जमलं. आपण ज्याचं नाव घेऊन जयंती करतो त्याच्या अंगणात आपल्याला का जमू नये?

उभ्या गर्दीवाल्या पोरांना दोन शब्द. 3 डिसेंबर 1979 रोजी अमेरिकेत सिनसिनाटीला द हू ह्या बँडच्या कार्यक्रमाला दारातल्या रेटारेटीत अकरा माणसं मेली. जागांना नंबर नव्हते, जो आधी घुसेल त्याला पुढची जागा, आणि दारं उघडली मोजकीच. गर्दी पडली की वाघही मांजर होतो. आणि उभ्या गर्दीत पहिली बाहेर कोण फेकली जाते? बाई. कडेवर पोर असलेली बाई, पाळीवरून परस्पर आलेली पोरगी, धक्के नकोत म्हणून घरी निघून जाते. मग मैदान उरतं पुरुषांचं, आणि आपण म्हणतो समाज जमला. मिरवणुकीत नाचा, हाडं मोकळी होईपर्यंत नाचा. पण रात्रीचं गाणं माझ्या आईलाही ऐकायचं असतं.

बसवण्याचीही जबाबदारी असते, हे सतरंजीवाल्यांनी ऐकावं. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्रभूषणचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्यावर उन्हात बसलेली, व्यासपीठावर सावली. उष्माघातानं चौदा जीव गेले. तो गाण्याचा कार्यक्रम नव्हता, पण महिना एप्रिलच होता. तेव्हा दुपारी चारपासून लोकांना आणून बसवू नका. पाणी कुठं, वाट कुठून, हे आधी.

आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम आलो ते बोलतो, आणि ते काहींना लागेल.

मागं एका जयंतीला मी होतो, मंडळाचं नाव घेत नाही. मिरवणुकीपुढं पाच माणसं चार तास हलगी वाजवत होती. उन्हातून आली, हाताला फोड आलेले. त्यांच्या तालावर सगळी वस्ती नाचली. स्टेजवर गाणं सुरू झालं तेव्हा ती माणसं कुठं होती? जनरेटरच्या टेम्पोमागं, धुरात, उकिडवी बसलेली. सोफा सोडा, त्यांना सतरंजीसुद्धा नव्हती. पाणी त्यांनी मागून घेतलं. कार्यकर्ता म्हणला, ए हलगीवाले, अजून थांबायचंय हं, साहेब आले की वाजवायचं. स्टेजवर अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो होता, हार घातलेला. अण्णाभाऊ ज्या मातंगांच्या घरात जन्मले त्याच समाजाची ती पाच माणसं, आणि त्यांना उभं करणारे आपण. आपण! बामणानं आपल्याला चावडीखाली उभं केलं हे आपण भाषणात सांगतो, आणि आपल्या मांडवाला आपणच पायरी ठेवतो. ज्या दिवशी हलगीवाल्याला ‘ओ मामा, इकडं बसा’ म्हणून हाक जाईल त्या दिवशी सोफ्याचं भांडण अर्धं मिटलं समजा.

माझं म्हणणं असं. सोफा एकही नको. स्टेज गुडघाभर उंच, त्याच्यापेक्षा जास्त नको. स्टेजपासून मागं सरळ सतरंज्या, मधे दोन वाटा मोकळ्या, दोरी नको, बांबू तर नकोच. दोन्ही कडांना खुर्च्या, गुडघे गेलेल्यांना आणि पोटुशी बायांना. तिथं तरणा माणूस बसलेला दिसला तर उठवा, मग तो नगरसेवक का असेना. मागं आणि बाजूला उभं राहायला मोकळी जागा, रात्रपाळीला जाणाऱ्याला दोन गाणी ऐकून निघता यावं म्हणून. हलगीवाले स्टेजलगत, शाहिराच्या नजरेत, जेवण आणि मानधन गाणं सुरू व्हायच्या आधी. सत्कार नाहीत. पुढारी आला तर चपला काढून सतरंजीवर, जागा मिळेल तिथं.

बाहेर चहा करणाऱ्या बायांना आता आत बोलवा, मग हात वर करून मोजा. आणि त्या पुढाऱ्याचे पैसे परत न्यायला कोण जाणार, ते आजच ठरवून उठा.

जयभीम.