रिकामा रकाना आणि शून्य

(युवा शिबिरातील माहिती-संकलनाच्या सत्रात केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे एका ठिकाणची माहिती उचलून दुसऱ्या ठिकाणी नीट बसवणं. लग्नात कुणी विचारलं तर सांगण्यासारखं त्यात काही नसतं. आज तुम्ही मुस्लिम समाजाच्या लोकसंख्येचे आणि शिक्षणाचे आकडे एका डेटाबेसमध्ये भरायला बसणार आहात. त्याआधी 2004 सालची एक गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेतही जात नसतील.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये 2001 च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे जाहीर झाले. 1991 ते 2001 या दशकात मुस्लिम लोकसंख्या 36 टक्क्यांनी वाढली, आधीच्या दशकात ती 34.5 टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे वेग वाढतोय, अशा बातम्या झाल्या. पुढे काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. 1991 च्या तक्त्यात मुस्लिम होते 10 कोटी 16 लाख. 2001 च्या तक्त्यात 13 कोटी 82 लाख. भागाकार करा, वाढ 36 टक्केच येते. म्हणजे गणित बरोबर आहे. मग चूक कुठे? 1991 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. त्यामुळे पहिल्या आकड्यात ते राज्य नाही आणि दुसऱ्यात आहे. 2001 मध्ये तिथे सुमारे 68 लाख मुस्लिम मोजले गेले. ते वजा करा, 13 कोटी 14 लाख उरतात. पुन्हा भागा. 29.3 टक्के.

आधीच्या दशकातही असाच घोटाळा होता, कारण 1981 मध्ये आसामात जनगणना झाली नव्हती. तो सुधारला की 34.5 चे 32.9 होतात. म्हणजे वेग 32.9 वरून 29.3 वर आला होता. वाढत नव्हता, कमी होत होता. जनगणना कार्यालयाने काही दिवसांतच खुलासा केला, पण तोवर 36 हा आकडा गावोगाव पोहोचला होता. अजूनही तो अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

हिंदू लोकसंख्येला हीच दुरुस्ती केली तर वाढ 20.3 वरून 19.9 वर येते. फरक जेमतेम. कारण गळालेल्या राज्यात मुस्लिम बहुसंख्य होते. आणि 29.3 हा आकडा 19.9 पेक्षा जास्तच आहे, हेही आपण लपवायचं नाही. आपल्याला सोयीचा तेवढाच आकडा सांगायचा असेल, तर डेटाबेसची गरज नाही.

डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर इथे रिकामा रकाना शून्य समजला गेला. ‘मोजलं नाही’ आणि ‘कुणी नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसमध्ये ‘मोजलं नाही’साठी वेगळी सोय असते, त्याला ‘नल’ म्हणतात. पण एक्सेलमधून फाइल आणताना कुणीतरी सगळ्या रिकाम्या जागी 0 भरतं, दिसायला बरं दिसतं म्हणून. कृपा करून हे करू नका.

गंमत म्हणजे जम्मू-काश्मीर तुमच्या हातूनही गळू शकतं. जनगणनेत प्रत्येक राज्याला दोन अंकी कोड असतो. महाराष्ट्राचा 27, जम्मू-काश्मीरचा 01. फाइल एक्सेलमध्ये उघडली की 01 चं 1 होतं. दुसऱ्या तक्त्यात तो 01 च असतो, त्यामुळे दोन्ही तक्ते जोडताना जुळत नाही आणि ती ओळ गुपचूप बाहेर पडते. उत्तर प्रदेशही असाच जातो, त्याचा कोड 09. म्हणून कोडचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्या. ‘5-9’ हा वयोगट एक्सेल 5 सप्टेंबर करून टाकतं, त्यावरही हाच उपाय. आणि धर्मनिहाय तक्त्यात एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी असतात. तिन्हींची बेरीज केली तर लोकसंख्या दुप्पट होईल. फाइल आणल्यावर पहिलं काम म्हणजे आपली बेरीज छापील बेरजेशी ताडून बघणं.

आता माझी चूक. एका कार्यक्रमासाठी मी साक्षरतेचा आलेख केला होता. सच्चर समितीच्या अहवालातून मुस्लिमांची साक्षरता घेतली, 59.1 टक्के. अहवाल नोव्हेंबर 2006 चा, म्हणून वर्षाच्या रकान्यात 2006 लिहिलं. शेजारी 2011 च्या जनगणनेतला 68.5. पाच वर्षांत नऊ टक्क्यांची झेप! टाळ्याही पडल्या. नंतर एका ज्येष्ठ बाईंनी बाजूला घेऊन विचारलं, “बाळा, 2006 मध्ये मोजायला कोण गेलं होतं रे?” तो आकडा 2001 च्या जनगणनेचा होता, समितीने तिथून घेतला होता. म्हणजे तेवढी वाढ व्हायला दहा वर्षं लागली होती. समितीची काही चूक नव्हती. आकडा कुठला आहे ते मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून मी वर्षाचे दोन रकाने ठेवतो. मोजणी कधी झाली ते एकात, मी ज्यातून घेतलं ते कधी छापलं ते दुसऱ्यात. स्रोतही दोन लिहितो. हातात काय होतं, आणि त्यात कुणाचा हवाला होता. मूळ कागद पाहिला नसेल तर पाहिल्यासारखं लिहायचं नाही. सोबत पान किंवा तक्ता क्रमांक, फाइल कधी उतरवली ती तारीख आणि नोंद करणाऱ्याचं नाव. हे नाव दोष द्यायला नाही, शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

नावांबद्दल थोडंसं. शेख, शेक, शैख असं तीन तऱ्हेनं लिहिलेलं सापडेल. मूळ नोंद खोडून ‘शुद्ध’ करू नका. कागदावर जसं आहे तसं एका रकान्यात, आपण ठरवलेलं एकसारखं रूप दुसऱ्या रकान्यात. एकत्र केलेली माणसं वेगळी निघाली, तर मागे जायला वाट हवी.

आणि तळटीप. तिच्यासाठी वेगळा रकाना, आणि त्यात टीप शब्दशः. सारांश नको. 2004 मध्ये बातमीत आकडा मोठ्या अक्षरात गेला आणि टीप मागे राहिली, तसं आपल्याकडे होऊ नये.

चला, लॅपटॉप उघडा. पहिली फाइल 2001 चीच आहे. त्यात मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातले तीन उपविभाग धरलेले नाहीत, तशी टीप आहे. ती टाइप करायला कोण बसतंय?