टायटलमध्ये न मावलेली माणसे



अध्यक्षाने पहिली दहा मिनिटे आभार मानण्यात घालवावीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मोडल्याबद्दल संयोजक रागावणार नाहीत. जेवणाची वेळ त्यांनीच कार्यक्रमपत्रिकेत छापली आहे.

आपण जमलो आहोत तो नागपूरचा लकडगंज हा भाग लाकडाच्या टालींचा आणि आरामशिनींचा. २०२३ मध्ये दिल्लीत संसदेची नवी इमारत उघडली, तेव्हा तिच्यातले सागवान नागपूरचे आहे, हे सरकारने आवर्जून सांगितले. त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-बल्लारपूरकडून सागवान निघाले, तर त्याची मिरवणूक काढली गेली. दाराचे लाकूड कुठल्या जंगलातले, हे आपल्याला ठाऊक असते. साठ-सत्तर वर्षे तोंडात घोळणाऱ्या गाण्यातला ट्रम्पेट कुणी वाजवला, हे मात्र गाणे पाठ असणाऱ्यालाही सांगता येत नाही. नशीब फुटके म्हणून किंवा गुण कमी म्हणून ही माणसे अनाम राहिली, असे मानायची सवय सोडायला हवी. त्यांची नावे कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, लिहायची राहिली. कधी राहून गेली, कधी मुद्दाम ठेवली गेली.

सुरुवात नागपूरपासूनच करू. गेल्या शतकात या शहरात शंकरराव सप्रे नावाचे गायनमास्तर होते. श्रीराम संगीत विद्यालय त्यांचे. त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा मूर्तिजापूरला जन्मलेला वसंत देशपांडे, दुसरा पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर. पहिला पुढे ‘कट्यार काळजात घुसली’मधला खाँसाहेब झाला आणि दुसरा सी. रामचंद्र. एकाच मास्तरांच्या हाताखालून एक मनस्वी गवई निघावा आणि हिंदी सिनेमात क्लबातली नाचगाणी रुजवणारा संगीतकारही निघावा, हा काही साधा योग नव्हे. त्या वर्गात काय शिकवले जात होते, याची उत्सुकता वाटायला हवी. पण सप्रे मास्तर आपल्याला भेटतात ते बहुधा शिष्यांच्या चरित्रात, पहिल्या प्रकरणापुरते. शिष्य मुंबईला गेला की मास्तरांचा मजकूर संपतो.

सी. रामचंद्रांचा ‘अलबेला’ आठवा, १९५१ सालचा. संगीतकार नागपुरात शिकलेला, नायक भगवानदादा अमरावतीत जन्मलेले. विदर्भाने या सिनेमावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. त्यातल्या नाचगाण्यांना ज्याने चाल दिली तो सगळ्यांना माहीत आहे. त्यांना ज्याने अंग दिले, तो होता गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तो चिक चॉकलेट या नावाने बँड चालवी आणि लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. म्हणजे लाखो लोकांनी त्याला पाहिले आणि तो कोण हे न विचारता घरी गेले. १९६७ मध्ये तो गेला.

त्या काळी गाणे तयार कसे होई, हे थोडे सांगायला हवे, कारण नावे गळाली ती या पद्धतीमुळे. संगीतकार पेटीवर चाल बसवी. ती चाल ऐकून तिच्या मागेपुढे व्हायोलिनचे थवे कुठे उठायचे, दोन कडव्यांमधला ‘पीस’ सॅक्सोफोनने घ्यायचा की मेंडोलीनने, हे ठरवून कागदावर उतरवी तो अरेंजर. स्वरलेखन येणारे अरेंजर बहुतेक गोव्याचे, कारण पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांत ते लहानपणीच शिकलेले असत. मग पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच दालनात, एकाच टेकमध्ये. शेवटच्या ओळीत कुणाची कमान घसरली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. काम झाले की पैसे घेऊन लोकल पकडायची. गाणे पुढे कुठल्या सिनेमात गेले, हे पुष्कळदा वादकाला रेडिओवर ऐकून कळे.

सेबॅस्टियन डिसोझा यांनी १९५२ पासून दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम केले. त्यांच्या जोडीला तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर, तेही मूळचे गोव्याचे. ढोलकीवरचा एक ठेका आजही वादकांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दत्ताराम यांनी १९५८ च्या ‘परवरिश’ला स्वतंत्र संगीत दिले आणि ते गाजलेही. पण टायटलमध्ये बहुतेक वेळा या दोघांच्या वाट्याला येई ती ‘सहाय्यक’ ही एक ओळ. नाव दिले नाही, असे म्हणता येत नाही. पण सहाय्य म्हणजे नेमके काय केले, हे त्या ओळीवरून कुणाला कळणार? अर्ध्या गाण्याचा आराखडा आणि चहाचा निरोप, दोन्ही त्यातच बसते.

या मंडळींत सगळ्यांत चमत्कारिक वाटचाल अँथनी गोन्साल्विस यांची. जन्म १९२७, गाव सालसेतमधले माजोर्डा. व्हायोलिन वाजवणारे, वाद्यमेळ लिहिणारे आणि शिकवणारे. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन त्यांच्याकडे शिकून गेले. पण सिनेमाच्या तीन मिनिटांत या माणसाचा जीव रमेना. आपले राग मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदाला पेलतील, यावर त्यांचा विश्वास होता. १९५८ मध्ये त्यांनी असा वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एवढ्या वादकांचा खर्च स्वतःच्या जोरावर फार काळ चालणे कठीणच. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि नंतर कधीतरी माजोर्ड्याला परतून शांतपणे राहू लागले. १९७७ मध्ये प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात नायकाच्या तोंडी गुरूचे नाव घातले. देशभर ते नाव पोचले आणि देशभर लोकांची खात्री झाली की हा अँथनी गोन्साल्विस म्हणजे अमिताभ बच्चनने रंगवलेला एक दारूवाला. खरे अँथनी २०१२ पर्यंत हयात होते. शिष्याचा हेतू निर्मळच होता. पण नाव गाजणे आणि काम कळणे यांत किती अंतर असते, याचा याहून चोख दाखला सापडायचा नाही.

आता थोडे कायद्याकडे वळू; कंटाळू नका, मजा इथेच आहे. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कुणाला सहजासहजी लिहून घेता येणार नाही, अशी तजवीज झाली आणि गायक-वादकांचे हक्कही स्पष्ट झाले. चांगले झाले. पण त्याच दुरुस्तीत कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक जोडले आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि ज्याचा उल्लेख टायटलमध्ये किंवा अन्यत्र कुठेही नाही, त्याला कायद्याच्या दृष्टीने कलावंत मानायचे नाही. अपवाद एकच: त्याचे काम विद्रूप करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली, तर त्याला तक्रार करता येते. आपले नाव लावले जावे, हा कलावंताचा जो हक्क कायदा देतो, तो मात्र या माणसाला नाही. नाव दिलेले नाही, म्हणून नाव मागता येत नाही! आठ सेकंद बासरी वाजवणाऱ्याचे काम ‘प्रासंगिक’ ठरते की नाही, यावर वकील वाद घालतील. पण नाव छापणे म्हणजे उपचाराची बाब, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे परंतुक एकदा वाचावे. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी ‘इस्रा’ ही संस्था निघाली. पुढे वादकही तिच्या कक्षेत आले. म्हणजे रांग पुढे सरकते आहे, पण सावकाश.

ही काही आपल्याच मुलखाची तऱ्हा नव्हे. अमेरिकेत डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीने साठच्या दशकात जगाला नाचवले. त्या रेकॉर्डमधला बास गिटार वाजवणारा जेम्स जेमर्सन आज जगभरच्या बासवादकांचा गुरू मानला जातो. तरी त्या वादकांची नावे कंपनीच्या वेष्टनावर प्रथम आली ती १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या अल्बमवर. १९८३ मध्ये मोटाऊनचा पंचविसावा वाढदिवस थाटात झाला. त्याच वर्षी जेमर्सन सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच शहरातला रॉड्रिग्ज नावाचा गायक १९७० च्या सुमारास दोन अल्बम काढून पडला आणि घरे पाडण्याच्या कामावर मजुरीला लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत त्याच्या रेकॉर्ड घरोघरी पोचल्या होत्या, आणि हे त्याला कित्येक वर्षे माहीत नव्हते.

सिनेमाच्या बाहेर पडले की चित्र बदलते, आणि ते आपल्याला जास्त जवळचे आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. ज्यांना रेकॉर्डिंगचे दार कधी दिसले नसते, अशा गायकांचे आवाज गल्लीतल्या टपरीवर विकायला आले. मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे एका बाजूला विठ्ठलाची गाणी गात आणि दुसऱ्या बाजूला भीमगीते. दोन्हींचा श्रोता त्यांना आपले मानी. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक तर मोठ्या वयात अक्षर शिकले आणि त्यानंतर त्यांनी हजारो गीते लिहिली. २००४ साली दोघेही गेले, एकमेकांच्या मागोमाग. पंढरपूरच्या वाटेवर आणि दीक्षाभूमीच्या गर्दीत त्यांची गाणी वाजत असताना शहरी वृत्तपत्रांची संगीताची पाने सवाई गंधर्वच्या वृत्तांताने भरलेली असत. हा टोमणा संगीतावर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच आहे, अध्यक्षांसकट.

नागपूरचे कव्वाल नागोराव पाटणकर हे विदर्भातल्या किती वस्त्यांत घरचे नाव आहे, हे इथे सांगायला नको. भीमगीतांची कव्वाली हा प्रकार आपल्या लोकप्रिय संगीतातल्या मोठ्या धारांपैकी एक आहे. सवाल-जवाब, टाळ्यांची साथ, मधेच हिंदी, मधेच वऱ्हाडी, आणि ओळ सोडून श्रोत्यांशी गप्पा. पण हा प्रकार कसा घडला, कुणाकडून कुणाकडे गेला, याची संगती लावणारा मजकूर शोधायला गेलात तर दीक्षाभूमीवर अशोका विजयादशमीला लागणाऱ्या दुकानांतच उभे राहावे लागते. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र असे. बँजो कुणाचा, ढोलकी कुणाची, याला जागा उरलेली नसे. शोषितांच्या गाण्यातही मागच्या रांगेतला वादक मागेच राहतो, हे कडू आहे, पण खरे आहे.

याच दीक्षाभूमीवर २६ नोव्हेंबर २०१० रोजी शाहीर विठ्ठल उमप व्यासपीठावरच कोसळले. ‘जांभूळ आख्यान’ पाहिलेले लोक त्यांना कधीच विसरणार नाहीत. पण बऱ्याच प्रेक्षकांना ते भेटले ‘टिंग्या’ आणि ‘विहीर’ या चित्रपटांतून, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावर.

बँडवाल्यांचे तर बोलायलाच नको. न्यूझीलंडचे संशोधक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडांवर २००५ मध्ये एक सबंध पुस्तक लिहिले. हंगामापुरती उचल घेऊन गावाकडून आलेला क्लॅरिनेटवाला दुसऱ्याच्या दुकानाचा झगमगीत कोट घालतो. त्या कोटावर, ढोलावर, गाडीवर, सगळीकडे मालकाचे नाव. भरउन्हात अंगावर दुसऱ्याचे नाव घेऊन वाजवणारा हा माणूस एका वरातीत लावणी, कव्वाली, इंग्रजी वॉल्ट्झ आणि कालच आलेले रील, सगळे वाजवून दाखवतो. संगीत-महाविद्यालयात याला काय म्हणतात माहीत नाही. बहुभाषिक तर नक्कीच म्हणावे लागेल.

आणि झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवेच, आणि ते उजाडेपर्यंत चालते. नाटक म्हणजे गाणी आलीच, ती जिवंत वाद्यांवर. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचे केंद्र. कंपन्यांची कार्यालये तिथे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि मुंबई-पुण्याला या रंगभूमीची थोडी जाग आली. तीही नटांपुरती. ऑर्गनवर बसणारा, रात्रभर नटाच्या चुकलेल्या सुराला सावरणारा, नवीन नाटकाच्या चाली दोन तालमींत बसवणारा वादक अजून कुणाच्या लेखात आलेला नाही म्हटले तरी चालेल. त्याला महिन्यात किती रात्री मिळतात, एका रात्रीचे काय मिळते, पावसाळ्यात तो शेती करतो की लग्नाच्या बँडात जातो, ऑक्टोपॅड आल्यावर ढोलकीवाल्याचे काय झाले, हे सगळे विचारून लिहून घेण्यासारखे आहे. विचारले तर तो सांगेलही, कारण आजवर कुणी विचारलेलेच नाही.

संयोजकांनी अध्यक्षाकडे ठराव मागितला होता. ठरावांनी कुणाचे भले झाल्याचे ऐकिवात नाही, म्हणून तो टाळला आहे. त्याऐवजी इथे बसलेल्या दैनिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती: गाण्याच्या कार्यक्रमाचा वृत्तांत छापताना निवेदकाच्या नावाआधी साथीदारांची नावे, वाद्यांसह, छापा. जागा नसेल तर मान्यवरांच्या उपस्थितीची ओळ कापा. कुणाचे अडणार नाही. तरुण लेखकांसाठी वेगळी सूचना आहे. वडसा गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे. दिवाळीनंतर गाडी पकडा, रात्रीच्या नाटकाला प्रेक्षकांत न बसता वादकांच्या शेजारी बसा, आणि वही उघडून पहिल्या पानावर नाव, गाव, वाद्य आणि मास्तर कोण, एवढे चार रकाने आखून ठेवा.