आतड्यांतील सोबती



'जंतू' हा शब्द कानी पडताच प्लेग, पटकी, विषमज्वर यांचीच आठवण व्हावी, अशी आपल्या मनाची घडण झाली आहे. परंतु आज ज्या जंतूंविषयी आम्ही बोलणार आहो, ते शत्रू नव्हेत, सोबती आहेत. माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर जंतू सुमारे ३८ लाख कोटी, असा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांपैकी बहुतेकांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात आहे.

तेथे राहून ते करतात तरी काय? आपल्या ज्वारीच्या भाकरीतील कोंडाच घ्या. तो पचविण्याचे सामर्थ्य आपल्या अंगच्या पाचकरसांत नाही. तो तसाच खाली उतरतो. तेथे जंतू त्याला आंबवितात व त्यापासून काही सौम्य आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः चालते.

२००४ साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने जन्मापासून जंतुरहित वाढविलेल्या उंदरांना इतर उंदरांच्या आतड्यांतील जंतू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणे तर पूर्वीपेक्षा कमी झाले होते! म्हणजे खाल्लेल्यापैकी अंगी किती लागावे, यात जंतूंचाही हात असतो. पुढे २००६ साली लठ्ठपणाचा संबंध जंतूंच्या दोन मोठ्या कुळांच्या प्रमाणाशी जोडण्यात आला.

आपल्याकडेही तसेच आढळते काय? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसे तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कृश आणि लठ्ठ माणसांत त्या प्रमाणाचा ठराविक कल दिसला नाही. परक्याच्या मापाने आपला अंगरखा बेतू नये, तो असा. म्हणून 'जंतूंची पुडी घ्या आणि बारीक व्हा' अशा जाहिरातींना कोणी भुलू नये.

मग आपण करावे काय? खानदेशात ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. तिच्यात या सोबत्यांचा वाटा आपोआप निघतो. मैद्याच्या बिस्किटांत तो जवळजवळ उरतच नाही. दुसरे असे की, साध्या पडशावर प्रतिजैविकांचा उपाय चालत नाही, पण त्या गोळ्यांनी आतड्यांतील सोबती मात्र मरतात. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज त्या घेऊ नयेत, आणि घरी कळण्याची भाकरी होत असेल तर ती बंद करू नये, एवढीच आमची विनंती आहे.