गाडीची देखभाल आणि करवतीची धार
(शताब्दी सोहळ्यात सामानाची गाडी व सरपण सांभाळणाऱ्या मंडळींच्या वतीने झालेले भाषण)

विणेकरी, टाळकरी, तुळशीवाल्या माय-माऊल्या आणि विशेष करून मागं उभी असलेली तरणी पोरं, सर्वांना आमचा दंडवत. कीर्तनाच्या या व्यासपीठावर आम्हां गाडीवाल्यांना बोलायला उभं केलं, हे दिंडीचं मोठेपण. आम्ही जे हातानं करतो, तेवढंच सांगतो.

पूर्वी सामान बैलगाडीवर असे. निघण्याआधी आसाला वंगण आणि कुऱ्हाडीला धार, ही दोन कामं ठरलेली. आज बैलगाडीच्या जागी जुनी पिकअप आली, कुऱ्हाडीच्या जोडीला साखळीची करवत आली. काम तेच राहिलं.

आधी गाडीचं. वारीत आपली गाडी मोकळ्या रस्त्यानं चालत नाही, माणसांतून चालते. म्हणून पहिला मान ब्रेकला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पायडल सरळ खाली बसतं. त्यामुळं डबी भरलेली दिसली तरी दर २ वर्षांनी ऑइल बदलायचंच. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं. दिवे घाटासारख्या चढाला गाडी रांगत जाते, इंजिन तापतं. म्हणून रेडिएटर, पाण्याचे पाइप, पंख्याचा पट्टा आळंदीला जायच्या आधी तपासायचा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला चिरा दिसल्या की ते टायर उतरवायचं. पाटे, चाकाचे नट, हँडब्रेक हाताने बघायचे. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तेही वारीच्या आधी.

काही जण म्हणतात, ‘भंगारात घाला ही गाडी.’ आमचं म्हणणं एवढंच, की जुनी गाडी वाईट नसते, न पाहिलेली गाडी वाईट असते. पण ज्या दिवशी चासी गंजून पोकळ झाली, त्या दिवशी आम्हीच हात जोडून ‘आता थांबवा’ म्हणू. तिथं माया कामाची नाही.

आता सरपण. चहाला, भाजीला गॅस आला, पण मोठ्या पातेल्यांना अजून चूल लागते. बाभळीचं लाकूड पौष-माघात कापून, फोडून, छपराखाली रचलं तर आषाढात पेटतं. ओल्या लाकडाचा धूर आमच्या स्वयंपाकीण माऊल्यांच्या डोळ्यांत जातो. लाकूड बांधावरचं, मालकाला विचारून घेतलेलं. ज्या झाडाला परवानगी लागते त्याला ती घेतल्याशिवाय हात नाही.

करवतीची धार कशी ओळखायची? साखळी धारदार असली की ढलप्या पडतात. बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो, धूर येतो आणि माणूस जोर लावू लागतो. जोर लावला की हात घसरतो. धार लावताना मशीन बंद आणि थंड पाहिजे. गोल कानस साखळीच्या मापाचीच घ्यायची, कुठं ४ मिलिमीटर, कुठं ४.८, मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. दाताला बहुतेक ३० अंशांचा कोन असतो, तो मोडायचा नाही. कानस आतून बाहेर ढकलायची, परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे. एका बाजूचे दात लहान झाले की करवत वाकडी कापते. पात्याच्या टोकानं कधी कापायचं नाही, मशीन उसळून अंगावर येतं. डोळ्याला चष्मा, पायात बूट, आणि जवळ दुसरा माणूस हवाच.

मंडळी, आमचे गुडघे आता बोलू लागलेत. वीणा खांद्यावरून खांद्यावर जाते, तशी ही कानस आणि हा पानाही गेला पाहिजे. गाडी चालवायला दहा पोरं पुढं येतात, तिच्याखाली झोपायला कुणी येत नाही. दर पौर्णिमेला सकाळी आम्ही गाडीपाशी असतो. दोघं जण आलात तरी पुरे. शिकायला पैसा लागत नाही, जुने कपडे लागतात.

राम कृष्ण हरी.