पेशीतली मोट

श्रोतेहो, विहिरीवरची मोट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. बैल धावेवरून पुढे गेले की ती भरून वर येई, थारोळ्यात पाणी ओती आणि रिकामीच खाली जाई. पाणी काही आपण होऊन वर चढत नाही. त्यासाठी बैलांना वैरण घालावी लागे.

अशा मोटा आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणात अहोरात्र चालू असतात. मोट म्हणजे एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. एका खेपेला ते सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकते. परतताना मात्र रिकामे येत नाही हं! पोटॅशियमचे दोन कण आत घेऊन येते. वैरण म्हणून एटीपी नावाच्या द्रव्याचा एक कण खर्ची पडतो. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या शक्तीचासुद्धा सुमारे पाचवा हिस्सा, किंबहुना जास्तच, या कामी जातो.

हे विकर सापडले खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस येथे येन्स स्कोऊ नावाचे डॉक्टर होते. अंग बधिर करणारी औषधे काम कशी करतात, हे त्यांना शोधायचे होते. खेकड्याच्या मज्जातंतूंवर प्रयोग करताना त्यांना दिसले, की सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच एटीपी भराभर फुटते. ही गोष्ट १९५७ सालची. नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला तो १९९७ साली. चाळीस वर्षांनी!

आता तुम्ही म्हणाल, खेकड्याचे आम्हांला काय? सांगतो. पोराला जुलाब लागले की घरातली आजी म्हणते, “पाणी देऊ नका, आणखी होतील.” आजीची माया खरी, पण सल्ला घातक. जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जातात, आणि पोर मरते ते त्यामुळे.

नुसते पाणी पाजले तर ते आतड्यात नीट शोषले जात नाही. आतड्याच्या पेशीच्या मागल्या बाजूला आपली मोट सोडियम उपसत असते, म्हणून पेशीत त्याची सदैव टंचाई. पुढल्या बाजूला एक दार आहे. त्यातून सोडियम आत शिरते, पण साखरेचा हात धरूनच. दोघे आत गेले की पाणी मागोमाग जाते. पटकीतही हे दार बंद पडत नाही.

१९७१ साली बनगाव येथे बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजायला सुरुवात केली. शंभरांत तीसच्या आसपास माणसे दगावत होती, तो आकडा चारच्याही खाली आला.

आशाताईंकडे याची पुडी मिळते. नसेल तर उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्या. त्यात साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ फक्त अर्धा चमचा. घोट घोट पाजा, अंगावरचे दूध चालू ठेवा. पोर मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणीच घेईना, तर तडक दवाखाना गाठा. आणि पाजण्याआधी स्वतः चाखून पाहा. आसवांहून खारट लागले, तर ओतून द्या आणि नव्याने करा.